काकवी वजनाने खाते, कुरडई आकाराने : ऑनलाइन दुकानाचं शिपिंग कसं लावायचं

आमचं दुकान कागलचं. दुकान म्हणजे घराचा पुढचा सोपा, एक इलेक्ट्रॉनिक तराजू, खोक्यांची छतापर्यंत गेलेली थप्पी आणि वूकॉमर्सवर, म्हणजे वेबसाइटवर दुकान मांडायच्या सॉफ्टवेअरवर, चालणारी साइट. भाऊजींच्या गुऱ्हाळावरची काकवी, आत्यांच्या हातच्या कुरडया (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) आणि माझा कांदा-लसूण मसाला, एवढाच माल. साइट पुतण्याने उभी केली. शिपिंगच्या पानावर आल्यावर त्यानं विचारलं, "काकी, पाठवायचे किती लावू?" मी चुलीपुढं होते. म्हटलं, "लाव पन्नास."

त्या पन्नास रुपयांनी पहिल्या महिन्यात माझ्या पदरचे एकोणीसशे रुपये नेले. चौदा वर्षं पतसंस्थेत कॅश काउंटरवर काढलेल्या बाईला हे शोभत नाही, म्हणून एक अख्खा रविवार बसून हिशोब लावला. तोच इथे मांडते. दर माझे आहेत, तुमच्या कुरिअरवाल्याचे वेगळे असतील. पद्धत मात्र तीच चालेल.

साइट बंद करा, तराजू काढा

शिपिंगची सेटिंग्ज उघडून बसलं की माणूस तिथल्या रिकाम्या चौकटींत आकडे भरत सुटतो. तसं करू नका. आधी प्रत्येक वस्तू जशी ग्राहकाकडे जाणार तशीच पॅक करा. बबल रॅप, खोकं, टेप, वर पत्त्याचं लेबल, सगळं. मग वजन करा. काकवीची एक किलोची बरणी म्हणजे पार्सल एक किलोचं, असं मला वाटायचं. बरणी 60 ग्रॅमची, खोकं आणि रॅप मिळून 250. तराजूनं दाखवलं 1 किलो 310 ग्रॅम.

आता कुरिअरचा हिशोब अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चालतो. 1 किलो 310 म्हणजे बिलात दीड किलो. 501 ग्रॅम म्हणजे एक किलो. त्यामुळे टप्प्याच्या कडेला असलेली पार्सलं ओळखून ठेवायची. माझं दोन बरण्यांचं पार्सल 2 किलो 480 भरतं, अडीचच्या आत फक्त 20 ग्रॅम. आमच्या पुतण्याला टेप गुंडाळायचा भारी नाद. त्याच्या हातचं पार्सल कधी कधी 2 किलो 510 व्हायचं आणि प्रत्येकी अर्ध्या किलोचे पैसे जास्त जायचे. आता टेपचे वेढे किती घालायचे ते भिंतीवर लिहून ठेवलंय.

हे झालं वजनाचं. कुरडईनं दिलेला धडा वेगळाच होता.

एक किलो कुरडया 35 बाय 25 बाय 20 सेंटिमीटरच्या खोक्यात भरल्या होत्या. तराजूवर 1 किलो 290. आठवड्याच्या बिलात वजन लागलं साडेतीन किलो. मी तरातरा फोन लावला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "वैनी, खोकं मोजा की. लांबी, रुंदी, उंची गुणा आन पाच हजारानं भागा." गुणलं. 17,500 भागिले 5,000 म्हणजे साडेतीन. याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. गाडीत जागा किती अडते त्याचे पैसे. खरं वजन आणि हे वजन, दोन्हींत जे जास्त ते बिलात धरतात. भागायचा आकडा बहुतेक ठिकाणी 5,000 असतो, पण आपल्या करारात काय आहे ते विचारून घ्यायचं.

त्या संध्याकाळी आत्या आणि मी सोप्यात कुरडया पसरून बसलो. सैल ओतण्याऐवजी एकावर एक चवड रचली, तर तोच किलो 30 बाय 25 बाय 16 च्या खोक्यात बसला. 12,000 भागिले 5,000 म्हणजे 2.4, बिलात अडीच. एक किलोचे पैसे वाचले आणि कुरडया मोडायच्याही कमी झाल्या. आत्या म्हणाल्या, "डब्यात अशाच भरतोय की आपण, त्यात नवीन काय?" खरं आहे. नवीन काहीच नव्हतं.

तर एक वही घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढं चार रकाने पाडा : पॅक केलेलं वजन, खोक्याचं माप, व्हॉल्युमेट्रिक वजन आणि बिलात लागणारा टप्पा. एक नग, दोन नग, चार नग, तिन्ही मापं घ्या. पुढची सगळी सेटिंग्ज या वहीतून उतरवायची आहेत.

पार्सलाचा खरा खर्च

माझा महाराष्ट्रातला दर पहिल्या अर्ध्या किलोला 45 रुपये आणि पुढच्या दर अर्ध्या किलोला 35. वर 18 टक्के जीएसटी. हा जीएसटी हिशोबात धरायला पुष्कळ जण विसरतात, कारण कुरिअरवाला दर सांगताना तो सांगत नाही, बिलावर लावतो. तुमच्या बिलात इंधनाचा अधिभार वेगळा असेल तर तोही घ्या.

काकवीची एक बरणी : दीड किलो, म्हणजे 45 अधिक 70, 115. जीएसटी धरून 135.70. खोकं, रॅप, टेप 35. एकूण 170.70.

दोन बरण्या : अडीच किलो, 185. जीएसटी धरून 218.30. पॅकिंग 45. एकूण 263.30.

चार बरण्या : 4 किलो 840 भरतात, म्हणजे पाच किलो. 360, जीएसटी धरून 424.80, पॅकिंग 60. एकूण 484.80.

आता बघा, गुऱ्हाळावर ही बरणी आम्ही 140 ला देतो. 140 ची वस्तू आणि पाठवायला 170! कार्टमध्ये "शिपिंग 170" दिसलं की कोण घेईल? मीसुद्धा घेणार नाही. मग फुकट पाठवायचं म्हणून किंमतच 310 केली, तर शेजारच्या दुकानात मिळणाऱ्या बरणीपुढं आपली महाग दिसते, शिवाय चार बरण्या घेणाऱ्यावर अन्याय होतो, कारण त्याच्या पार्सलाचा खर्च बरणीमागं 121 च पडतो.

मधला रस्ता असा काढला. बरणीची ऑनलाइन किंमत 200 केली, म्हणजे 60 रुपये पाठवणीचे किमतीतच बसवले. उरलेलं शिपिंग म्हणून कार्टमध्ये घ्यायचं : ऑर्डरमागं 50 आणि दर बरणीमागं 50. एका बरणीला ग्राहकाकडून 100, किमतीतले 60, मिळून 160, खर्च 170.70. साडेदहा रुपये मी सोसते. दोन बरण्यांना 150 आणि 120, मिळून 270, खर्च 263.30. चार बरण्यांना 250 आणि 240, मिळून 490, खर्च 484.80. हे सूत्र पाटीवर तीनदा फिरवून काढलंय, आणि पतसंस्थेतून बाहेर पडल्यानंतर एवढं समाधान मला कशातच मिळालं नव्हतं.

मसाल्याला एवढा विचार लागत नाही. पाव किलोचं पाकीट पॅक होऊन 340 ग्रॅम, पहिल्याच टप्प्यात बसतं. पॅकिंगसकट 68 रुपये. मी 60 लावते.

झोन पाडताना पिनकोडशी मैत्री करा

वूकॉमर्समध्ये सेटिंग्ज, तिथे शिपिंग, तिथे शिपिंग झोन्स. झोन म्हणजे "या भागातल्या ग्राहकाला हे दर". भाग राज्यानुसार ठरवता येतो आणि पिनकोडनंही. पिनकोडची चौकट लहान अक्षरातल्या दुव्यामागं लपलेली असते, पण लहान दुकानदाराच्या खऱ्या कामाची तीच आहे. तिच्यात दर ओळीला एक पिन लिहायचा. शेवटी फुली म्हणजे * दिलीत तर त्या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पिन येतात. मधे तीन टिंबं दिलीत तर इथपासून तिथपर्यंत.

पिनची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यापर्यंत टपालाचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. मात्र टपालाचा जिल्हा आणि आपला महसुली जिल्हा एकच नसतो. मी इथेच फसले. कोल्हापूर म्हणजे 416, असं समजून 416* लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी सावंतवाडीची ऑर्डर कोल्हापूरच्या दरानं पडली. 416 मध्ये कोल्हापूर आहे, सांगली आहे आणि सिंधुदुर्गही आहे. बरं, 4165* लिहून सुटका नाही. गडहिंग्लज 416502 आणि सावंतवाडी 416510, दोघं एकाच ओळीत. तसंच 40* लिहिलंत तर मुंबईबरोबर गोवाही आत येतो, कारण गोव्याचे पिन 403 नं सुरू होतात.

माझे झोन आता असे आहेत, आणि याच क्रमानं.

सगळ्यात वर "घरचा पट्टा" : 4160*, 4161*, 4162*. कोल्हापूर शहर, इचलकरंजी, कागल, मुरगूड. इथं पुतण्या आठवड्यातून दोनदा गाडीवर फिरतो. दर 30 रुपये. सोबत लोकल पिकअप, म्हणजे गुऱ्हाळावर येऊन घेऊन जा, शून्य रुपये.

त्याखाली "निपाणी-बेळगाव" : 590* आणि 591*. निपाणी आम्हाला कोल्हापूरइतकीच जवळ, माणसं आपलीच, कुरडईचा खप तिथं दांडगा. पण राज्य कर्नाटक. राज्यानुसार झोन पाडला असता तर निपाणीला बंगळुरूचा दर लागला असता. इथे एक महत्त्वाचं. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हातमागासारख्या काही वस्तूंना सूट आहे, काकवीला नाही. नोंदणी होईपर्यंत मी निपाणीची एकही ऑर्डर घेतली नव्हती. तुमच्या मालाचं काय ते सीएला एकदा विचाराच.

मग "फौजी पत्ता" : 9*. नऊनं सुरू होणारे पिन लष्कराच्या टपालाचे. आमच्या भागात दर चार घरांत एक फौजी, त्यामुळे राखीपौर्णिमेला आणि दिवाळीला या पत्त्यांवर कुरडया हमखास जातात. खासगी कुरिअर तिथं पोहोचत नाही, टपालच. म्हणून वेगळा झोन आणि त्यात फक्त स्पीड पोस्टचा दर. पद्धतीचं नावही "स्पीड पोस्ट" असंच दिलंय, म्हणजे ऑर्डर उघडल्या उघडल्या पॅक करणाऱ्याला कळतं.

पुढं महाराष्ट्र आणि गोवा, राज्यं निवडून. मग ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर, लडाख, अंदमान आणि लक्षद्वीप एका झोनमध्ये. आणि सगळ्यात खाली भारत.

क्रमावर का जोर देते ते सांगते. वूकॉमर्स यादी वरून खाली वाचतं आणि ग्राहकाचा पत्ता ज्या पहिल्या झोनमध्ये बसेल तिथं थांबतं. पुढचे बघतच नाही. पहिल्यांदा मी "भारत" सगळ्यात वर ठेवला होता, देश आधी मग गाव, असा शाळेतला क्रम. परिणाम असा की सगळा देश पहिल्याच झोनमध्ये बसला. शाहूपुरीतल्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कागलातनं कोल्हापुरात यायला दीडशे? मी रिक्षानं येऊन घेऊन जाते की, रिक्षावाल्याला चहा पाजून पण पैसे उरतील." झोनच्या नावाच्या डाव्या बाजूला ओढायची खूण असते, ती धरून वर-खाली करता येतं. लहान भाग वर, मोठा खाली.

यादीच्या तळाशी "इतर झोनमध्ये न बसणारी ठिकाणं" अशी एक ओळ आपोआप असते. परदेशी पाठवत नसाल तर तिच्यात एकही पद्धत घालू नका. तिथल्या ग्राहकाला शिपिंग उपलब्ध नाही असं दिसेल आणि ऑर्डर पुढं जाणार नाही. तेच हवंय.

शिपिंग क्लास आणि रिकाम्या चौकटीचा सापळा

काकवी, कुरडई आणि मसाला यांचे दर वेगळे लावायचे तर शिपिंग क्लास, म्हणजे एकाच दराच्या वस्तूंचे गट, करावे लागतात. मी तीन केले : "जड", "फुगीर", "पाकीट". क्लास केला म्हणजे झालं नाही. प्रत्येक वस्तूच्या पानावर शिपिंगच्या कप्प्यात जाऊन तो निवडावा लागतो. एखादी वस्तू राहिली की तिच्यावर काहीच लागत नाही.

मग झोनमध्ये फ्लॅट रेट म्हणजे ठरावीक दराची पद्धत घ्यायची. ती उघडली की वर एकूण खर्चाची चौकट आणि खाली प्रत्येक क्लासची वेगळी चौकट दिसते. वरची मी शून्य ठेवते आणि क्लासच्या चौकटी भरते. "पाकीट" 60. "फुगीर" 150. "जड" मध्ये सूत्र : 50 अधिक, मग चौकोनी कंसात इंग्रजी क्यू, टी, वाय ही तीन लहान अक्षरं, गुणिले 50. ती तीन अक्षरं म्हणजे नगांची संख्या. गुणाकाराला फुली म्हणजे * वापरायची, इंग्रजी एक्स नाही. पुतण्यानं एक्स टाकला होता, त्यावर आम्ही अर्धा तास डोकं धरून बसलो.

हे नगांवर चालतं, वजनावर नाही, हे ध्यानात ठेवा. वस्तूच्या पानावर वजन भरलं तरी नुसता फ्लॅट रेट ते वाचत नाही. तुमच्याकडे शंभर वेगवेगळ्या वजनांच्या वस्तू असतील तर टेबल रेट नावाखाली मिळणारं एखादं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं लहान सॉफ्टवेअर, घ्यावं लागेल. त्यात "अर्धा किलोपर्यंत इतके, एक किलोपर्यंत इतके" असा तक्ता भरता येतो. वूकॉमर्सऐवजी शॉपिफायवर असाल तर वजनावरचे दर आतच मिळतात. माझा माल मोजका, मला सूत्र पुरतं.

रिकाम्या चौकटीचा सापळा सांगायचा राहिला. अंदमानला काकवी जात नाही, कारण पातळ पदार्थ विमानानं घ्यायला आमचा कुरिअरवाला तयार नाही. म्हणून त्या झोनमध्ये "जड" ची चौकट मी रिकामी ठेवली. मला वाटलं, दर नाही म्हणजे विक्री नाही. वूकॉमर्सच्या लेखी रिकामी म्हणजे शून्य! पोर्ट ब्लेअरच्या एका गृहस्थांनी सहा बरण्या फुकट शिपिंगनं मागवल्या. पैसे परत केले, माफीचा मेसेज पाठवला, वर मसाल्याचं एक पाकीट भेट पाठवलं. अमुक वस्तू अमुक झोनमध्ये नकोच, असं करायला वेगळं प्लगइन लागतं. मी तोवर त्या झोनमधून फ्लॅट रेटच काढून टाकला. तिकडच्या ऑर्डरी फोनवर घेते.

त्याच पानावर हिशोबाचा प्रकार विचारतात : प्रत्येक क्लासचे वेगवेगळे घ्यायचे, का सगळ्यांत महाग क्लासचेच घ्यायचे? पहिल्यात काकवी, कुरडई, मसाला एकत्र घेणाऱ्याला तिन्हींची बेरीज लागते. दुसऱ्यात एकाचीच. मी बेरीज घेते, कारण कुरडईवर काकवी ठेवता येत नाही, खोकी दोन होतात. एकाच खोक्यात सगळं बसत असेल तर दुसरा प्रकार घ्या, ग्राहक खूश राहतो.

फुकट डिलिव्हरी, पण कोणाला

"अमुक रुपयांवर शिपिंग फुकट" ही पाटी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझ्याकडे 1,200 वर फुकट केलं तर सहा बरण्या घेणारा त्यात बसतो. त्याचं पार्सल साडेसात किलोचं, खर्च सातशेच्या वर, किमतीत वसूल 360. म्हणजे मोठी ऑर्डर आली की मला जास्त तोटा. मसाल्याचं उलट. पाच पाकिटं 900 रुपयांची, दीड किलोत बसतात, खर्च 160. मसाल्यावर हे परवडतं.

अडचण अशी की फ्री शिपिंगची पद्धत क्लास बघत नाही, फक्त रक्कम बघते. त्यावर एक युक्ती आहे. कूपन तयार करा, प्रकार फिक्स्ड कार्ट (अख्ख्या कार्टवर ठरावीक सूट), सूट शून्य, "फ्री शिपिंगला परवानगी" वर टिक, आणि वगळायच्या वस्तूंच्या प्रकारांत काकवी व कुरडई. कार्टमध्ये यातलं काही असलं की हे कूपन चालतच नाही. कूपनचा प्रकार टक्केवारीचा ठेवलात तर मात्र चालून जाईल, म्हणून फिक्स्ड कार्टच. मग झोनमध्ये फ्री शिपिंग टाकून अट निवडा : किमान रक्कम 900 आणि कूपन, दोन्ही.

फ्री शिपिंग लागू झालं तरी फ्लॅट रेट शेजारी दिसत राहू शकतो आणि घाईतला ग्राहक फुकट सोडून 60 रुपये भरून जातो. मग फोन येतो. फ्री असताना बाकीचे दर लपवा, अशी खूण तुमच्या सेटिंग्जमध्ये दिसली तर लगेच करा. नसेल तर एवढ्याच कामाची लहान प्लगइन मिळतात.

कॅश ऑन डिलिव्हरीचं दोन ओळींत. पार्सल घेतलं नाही की ते परत येतं, त्याला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात. मी पहिल्यांदा बिलात "आरटीओ चार्जेस" वाचलं आणि पुतण्याला विचारलं, गाडीचा दंड झाला का रे? जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही पैसे आपल्या माथी. वूकॉमर्समध्ये कॅश ऑन डिलिव्हरी ठरावीक शिपिंग पद्धतींपुरती ठेवता येते. मी ती घरच्या पट्ट्यापुरती ठेवली आहे, कारण तिथं पार्सल घेऊन आमचाच पुतण्या जातो आणि त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नाही.

कर लावत असाल तर शिपिंगचा टॅक्स क्लास "कार्टमधल्या वस्तूंनुसार" असाच राहू द्या. मालाबरोबर घेतलेल्या पाठवणीच्या पैशांना मालाचाच जीएसटी दर लागतो.

तपासणी

सगळं भरून झालं की शिपिंग सेटिंग्जमध्ये डीबग मोड सुरू करा. कार्टवर "ग्राहक अमुक झोनमध्ये बसला" अशी पट्टी दिसते आणि दर प्रत्येक वेळी नव्यानं मोजले जातात, नाहीतर जुनेच आकडे दिसत राहतात आणि आपण वेडे होतो. मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत ग्राहक होऊन एकेक पिन टाका. माझी यादी : 416216 कागल, 416510 सावंतवाडी, 591237 निपाणी, 403001 पणजी, 411001 पुणे, 110001 दिल्ली, 744101 पोर्ट ब्लेअर. प्रत्येक पिनला एक बरणी, चार बरण्या, एक मसाला, आणि तिन्ही मिळून. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला की टिक. काम संपल्यावर डीबग मोड बंद करायला विसरू नका. मी विसरले होते. ग्राहकांना कार्टच्या वर "झोन : घरचा पट्टा" असं आठवडाभर दिसत होतं, आणि कुणालाच ते वावगं वाटलं नाही.

पत्ता टाकेपर्यंत शिपिंग लपवायची सोय असते, तीही सुरू ठेवा. नाहीतर पुण्याच्या माणसाला आधी भलताच दर दिसतो, पिन टाकल्यावर बदलतो, आणि त्याला फसवल्यासारखं वाटतं.

दर बदलतात. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली आणि 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दर नवे झाले, तेव्हा ऐन दिवाळीच्या तोंडावर फौजी पत्त्यांचा झोन मला परत भरावा लागला. तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला कुरिअरचं बिल आणि साइटवर गोळा झालेलं शिपिंग शेजारी शेजारी मांडते. मागच्या महिन्यात फरक आला. शोधलं तर एकाच पार्सलात सापडला : पुण्याला गेलेल्या किलोभर कुरडया, खोकं जुन्या मापाचं. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "लहान खोकी संपली हुती, मग काय तशाच ठेवू?"

लहान खोक्यांची पन्नासची गड्डी काल आणून ठेवली.